कारण, हेतू आणि 'म्हणून' : पंडवानीच्या निमित्ताने

भिलाईच्या उत्तरेला काही मैलांवर गनियारी हे खेडे आहे. पंडवानीच्या थोर गायिका तीजनबाई या गावच्या. सोव्हिएत साहाय्याने 1955 साली ज्या पोलाद प्रकल्पाचा करार झाला आणि ज्याची पहिली झोतभट्टी 1959 च्या फेब्रुवारीत पेटली, त्या प्रकल्पाच्या धुराड्यांच्या परिसरात ही प्राचीन कथा आजवर गाइली गेली. तीजनबाईंना पुढे नोकरीही त्याच प्रकल्पात मिळाली. झोतभट्टी आणि भीमाची गदा यांचे हे शेजारपण मौजेचे आहे, एवढ्यावर पुष्कळांचे कुतूहल थांबते. परंतु या शेजारपणात साहित्यविचाराच्या दृष्टीने एक अवघड प्रश्न दडलेला आहे. घडलेल्या गोष्टीचे कारण भाषा कसे सांगते, आणि ऐकणारा ते कसे ग्रहण करतो, हा तो प्रश्न होय.

पंडवानीच्या प्रयोगात मुख्य गायकाइतकाच महत्त्वाचा असतो तो रागी. तो साथीदार आहे, पण केवळ ताल धरणारा नव्हे. गायकाच्या प्रत्येक विधानाला तो हुंकार देतो, कधी शेवटचा शब्द उचलून परत म्हणतो, कधी मध्येच प्रश्न टाकतो : मग काय झाले, असे का झाले, त्याने असे का केले? प्रेक्षकांच्या मनात जे उमटले असेल, पण भर सभेत उच्चारता येत नसेल, ते रागी उच्चारतो. कापालिक शैलीत गायिका उभी राहते, तंबुऱ्याची क्षणात गदा होते, क्षणात धनुष्य होते, क्षणात दुःशासनाचा उखडलेला बाहू होतो. वेदमती शैलीत गायक बसून, सबलसिंह चौहान यांच्या दोहे-चौपायांतील महाभारताचा आधार धरून गातो. या दोन शैलींच्या भेदाविषयी बरेच लिहिले गेले आहे. स्त्रीने उभे राहून गाणे हे रूढीला मान्य नसताना तीजनबाईंनी कापालिक शैली स्वीकारली, त्यासाठी जातिबांधवांचा रोष पत्करला, हेही सर्वश्रुत आहे. रागीच्या 'का'कडे मात्र समीक्षेचे जावे तेवढे लक्ष गेलेले नाही.

हा 'का' निरर्थक नाही. दोन वाक्ये शेजारी ठेवली की ऐकणारे मन त्यांच्यात आपण होऊन कार्यकारणसंबंध घालते. राजा गेला, मग राणी गेली, एवढेच सांगितले तरी श्रोता राणीच्या मरणाला शोकाचे कारण चिकटवतो. इ. एम. फॉर्स्टर यांनी 1927 साली कथा आणि कथानक यांतला फरक सांगताना याच जातीचे उदाहरण घेतले होते. त्यांच्या मते 'नंतर' सांगितले की कथा होते, 'त्यामुळे' सांगितले की कथानक. मात्र ऐकणारा इतका आज्ञाधारक नसतो. निवेदकाने केवळ 'नंतर' म्हटले तरी तो मनाशी 'त्यामुळे' ऐकतो. 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली' ही मराठी म्हण या सवयीला लावलेला लगाम आहे. संस्कृतात काकतालीय न्याय आहे, तिथे फांदीऐवजी ताडाचे फळ पडते. लोकभाषेला आणि शास्त्राला दोघांनाही कावळ्याची साक्ष काढावी लागली, यावरून ही सवय किती खोल आहे हे कळून येते.

न्यायशास्त्राने या बाबतीत कमालीची काटेकोर दृष्टी ठेवली. धूर दिसला म्हणून अग्नीचे अनुमान करायचे, तर धूर आणि अग्नी यांची व्याप्ती आधी सिद्ध असली पाहिजे. आणि कार्याच्या अगोदर जे जे उपस्थित असेल ते सर्व कारण नव्हे, हे सांगण्यासाठी नैयायिकांनी कुंभाराचे गाढव उभे केले. माती वाहून आणणारे गाढव घडा होण्यापूर्वी हजर असते, तरी ते घड्याचे कारण नाही. ते अन्यथासिद्ध. कुंभाराचा बापही अन्यथासिद्धच, कारण तो कुंभाराचा बाप म्हणून हजर आहे, घड्याचा कर्ता म्हणून नव्हे. महाभारताच्या समीक्षेत या गाढवाची आठवण वारंवार ठेवावी लागते. युद्धाच्या आधी जे जे घडले, त्यातले काय चाक, काय दंड आणि काय गाढव, हे ठरविल्यावाचून 'महाभारत कशामुळे घडले' या प्रश्नाला उत्तर नाही.

लोकमानसाने या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वी देऊन टाकले आहे : द्रौपदी हसली म्हणून महाभारत घडले. मयसभेत दुर्योधन पाण्याला जमीन समजून पडला, द्रौपदी हसली, आंधळ्याचा मुलगा आंधळाच असे काहीसे बोलली, आणि त्या हसण्याचा सूड म्हणून द्यूत, वस्त्रहरण, वनवास, युद्ध. 1988 ते 1990 या काळात दूरदर्शनवर दाखवल्या गेलेल्या मालिकेने हे चित्र घरोघर पक्के केले, तरी ते तिने निर्माण केलेले नाही. घराघरांतल्या आज्यांच्या तोंडी ते त्याआधीच होते. मराठीत तर मुलीबाळींच्या मोठ्याने हसण्याला आवर घालताना द्रौपदीचा दाखला देण्याची रीतच होती.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1966 साली पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीत हा प्रसंग वाचला म्हणजे वाचक चकित होतो. तिथे सभापर्वात निवेदक सांगतो की दुर्योधन पाण्यात पडला तेव्हा सेवक हसले, भीम हसला, अर्जुन आणि जुळे भाऊ हसले. राजाज्ञेने त्याला कोरडी वस्त्रे दिली गेली. त्याने मुद्रेवरचा भाव लपवला आणि त्यांच्याकडे पाहिले नाही. या निवेदनात द्रौपदी नाही. आंधळ्याचा तो टोमणा तर नाहीच नाही. पुढे परतीच्या वाटेवर शकुनीशी बोलताना दुर्योधन आपल्या जळण्याची कारणे सांगतो. त्यात युधिष्ठिराचे वैभव आहे, यज्ञ आहे, शिशुपालाचा वध होऊनही कोणी ब्र काढला नाही हे शल्य आहे, आणि त्यांच्या जोडीला रक्षकांनी केलेले हसे आहे. द्रौपदी अजूनही नाही. त्यानंतर तो पित्यापुढे गाऱ्हाणे मांडतो, आणि या तिसऱ्या सांगण्यात मात्र कृष्ण हसला, अर्जुन हसला आणि इतर स्त्रियांसह द्रौपदीही हसली, असे येते.

एकाच घटनेची ही तीन निवेदने आणि प्रत्येक वेळी कारणाचा वाढत गेलेला आकार, हे सभापर्वाच्या कर्त्याचे विलक्षण कौशल्य आहे. द्रौपदी हसली की नाही, हे संहिता सांगत नाही. ती हसली असे दुर्योधनाने म्हटले, एवढेच संहिता सांगते. आणि ते कोणाला सांगितले? ज्याला दिसत नाही, ज्याला मुलाच्या अपमानाचे दृश्य मुलाच्या शब्दांतूनच घ्यायचे आहे, अशा पित्याला. द्यूताची अनुज्ञा मिळवण्यासाठी केलेले ते निवेदन आहे. त्यातले कारण हे घटनेचे कारण असण्यापेक्षा मागणीचे समर्थन अधिक आहे. परंपरेने मात्र फिर्यादीचे म्हणणे उचलून न्यायाधीशाचा निकाल म्हणून नोंदवले.

या ठिकाणी मराठी भाषा समीक्षकाच्या हाती एक चांगले साधन देते. मराठीत कारण सांगण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. एक '-मुळे', जो 'मूळ' या शब्दापासून आला. दुसरा 'म्हणून', जो 'म्हणणे' या क्रियापदाचे अव्ययीभूत रूप आहे. पहिला कारणाला वस्तूत, मुळात शोधतो. दुसरा ते कोणाच्या तरी म्हणण्यात ठेवतो. 'पावसामुळे तो थांबला' या वाक्यात पाऊस खरोखर पडलेला असावा लागतो. 'पाऊस येईल म्हणून तो थांबला' यात पाऊस आला नसला तरी चालते. तिथे कारण आहे ते पावसाचे नव्हे, पावसाविषयीच्या समजुतीचे. रोजच्या वापरात हे दोन्ही प्रत्यय एकमेकांच्या जागी येतात आणि भेद पुसट होतो, हे खरे. तरीही 'म्हणून'च्या पोटात ते जुने म्हणणे जिवंत आहे. द्रौपदी हसली म्हणून युद्ध झाले, हे वाक्य त्याच्या व्युत्पत्तीसह वाचले तर निर्दोष ठरते : हसली असे म्हणून युद्ध केले गेले. द्रौपदीच्या हसण्यामुळे युद्ध झाले, हे वाक्य मात्र संहितेच्या आधाराने टिकत नाही.

मराठीची दुसरी देणगी याहून सूक्ष्म आहे. 'त्याने पेला फोडला', 'त्याच्या हातून पेला फुटला', 'त्याच्यामुळे पेला फुटला' आणि नुसते 'पेला फुटला', ही चार वाक्ये एकाच काचेच्या तुकड्यांविषयी आहेत. पहिल्यात कर्तृत्व पूर्ण आहे. दुसऱ्यात हात आहे, इच्छा नाही. तिसऱ्यात कदाचित हातही नाही, त्याने नुसती हाक मारली आणि दुसऱ्याचे लक्ष उडाले असेल. चौथ्यात माणूसच नाही. लहान मूल आईसमोर नेहमी चौथे वाक्य बोलते आणि आई पहिले. घरोघरच्या या खटल्यातून मराठी माणूस उत्तरदायित्वाच्या पायऱ्या शिकतो. 'हातून' या रूपाला इंग्रजीत सरळ जोड नाही. अनुवादकाला तिथे कर्ता करावा लागतो किंवा अपघात म्हणावे लागते. हेच काम अलीकडे यंत्रांकडे सोपवले जात आहे, आणि यंत्रालाही त्या दोहोंपैकी एक निवडावेच लागते. फरक इतकाच, की अनुवादक अडखळला तर ते अडखळणे तळटीपेत उतरते.

क्रियापदाच्या पोटातही कारणाचा कल दडलेला असतो. 1974 साली कॅथरिन गार्वे आणि अल्फोन्सो करमाझा या भाषाशास्त्रज्ञांनी इंग्रजी क्रियापदांच्या संदर्भात हे दाखवले. मराठीतही त्याची प्रचीती सहज घेता येते. 'मीनाने सुमनची माफी मागितली, कारण' एवढे ऐकताच पुढे मीनाच्या वागण्याविषयी काही येणार, अशी अपेक्षा होते. 'मीनाने सुमनचे कौतुक केले, कारण' म्हटले की ऐकणारा सुमनच्या गुणांकडे वळतो. कारण अजून उच्चारलेले नाही, तरी मनाने त्याची जागा ठरवून ठेवली आहे. वाक्य पुरे होण्यापूर्वीच अर्थ लावणे आणि चुकले तर मागे येणे, अशा रीतीने भाषा ग्रहण केली जाते. 'हसणे' या क्रियापदाचे असेच आहे. कोणी कोणाला हसले म्हटले की ज्याला हसले त्याच्यात काही हास्यास्पद होते, असे एक मन म्हणते. हसणारीची उद्धटाई होती, असे दुसरे मन म्हणते. यातले कोणते मन बलवत्तर ठरेल, हे व्याकरण ठरवत नाही. हसणारी स्त्री असेल तर पुष्कळदा ते आधीच ठरलेले असते.

या अपेक्षेचा सर्वांत क्रूर उपयोग महाभारतातच आढळतो. द्रोणपर्वात अश्वत्थामा मेला ही वार्ता द्रोणाच्या कानी घालण्यात येते. भीमाने त्या नावाचा हत्ती मारलेला असतो. द्रोण युधिष्ठिराला विचारतो, कारण तो खोटे बोलणार नाही अशी त्याची खात्री आहे. युधिष्ठिर वाक्याचा पहिला भाग स्पष्ट उच्चारतो आणि हत्ती हा शब्द अव्यक्त स्वरात सोडून देतो. मराठीत ज्याचा वाक्प्रचार होऊन बसला आहे, तो हा प्रसंग. वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण आहे, कानापर्यंत मात्र अर्धेच पोहोचले. उरलेले अर्धे बापाच्या काळजाने भरून काढले. आता द्रोणाला मारले कोणी? शस्त्र खाली ठेवून बसलेल्या वृद्धाचे मस्तक धृष्टद्युम्नाने छाटले. पण युक्ती कृष्णाची, हत्ती भीमाने मारलेला, शब्द युधिष्ठिराचा, आणि ऐकून शस्त्र टाकण्याचा निर्णय खुद्द द्रोणाचा. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. द्रोणवधाला ही पाचही लावून पाहावीत, तरी शेवटी काही शिल्लक राहतेच.

इथे 'हेतू' या शब्दाचा इतिहास उपयोगी पडतो. न्यायशास्त्रात हेतू म्हणजे अनुमानाचा आधार, धुरासारखा. आजच्या मराठीत हेतू म्हणजे मनातला उद्देश. पाणिनीच्या व्याकरणात मात्र जो दुसऱ्या कर्त्याला क्रियेस प्रवृत्त करतो, त्या प्रयोजकाला हेतू म्हटले आहे, आणि त्याच वेळी त्याची कर्ता ही संज्ञाही कायम ठेवली आहे. करणारा कर्ता आहेच, करविणारा हेतू आहे आणि कर्ताही. मराठी व्याकरणातली प्रयोजक क्रियापदे हाच वारसा चालवतात : मरणे, मारणे, मारविणे, मारायला लावणे. प्रत्येक पायरीवर एक माणूस वाढतो, आणि प्रत्येक वाढलेल्या माणसागणिक तो खरोखर तिथे होता का, ही शंकाही वाढते.

भिलाईला ही शंका पुस्तकी नाही. 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे छत्तीसगढ मुक्ती मोर्चाचे नेते शंकर गुहा नियोगी यांची भिलाईतील घरात झोपेत असताना गोळी झाडून हत्या झाली. 1997 साली दुर्गच्या सत्र न्यायालयाने गोळी झाडणाऱ्यासह काहींना दोषी ठरवले. 1998 साली उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. 2005 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोळी झाडणाऱ्याची जन्मठेप निश्चित केली आणि इतरांची मुक्तता कायम ठेवली. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे, तर 'मारले' सिद्ध झाले, 'मारविले' पुराव्याने सिद्ध झाले नाही. न्यायालयाला शंकेचा फायदा द्यावाच लागतो, त्याची तीच रीत आहे आणि ती तशीच असावी. परंतु झोपलेल्या माणसाच्या हत्येत मारणाऱ्याचे स्वतःचे वैर शोधूनही सापडत नाही, तेव्हा 'मारले' हे क्रियापद श्रोत्याच्या मनात अपुरे राहते. रागीचा प्रश्न तिथे उभा राहतो आणि त्याला उत्तर देणारा गायक नसतो. साहित्य या रिकाम्या जागेत शिरते तेव्हा त्याने दोन मोह टाळावे लागतात. न्यायालयाला जे सिद्ध झाले नाही ते आपण सिद्ध केले असा आव आणणे हा पहिला. सिद्ध झाले नाही म्हणजे ते नव्हतेच, असे मानून प्रश्न मिटवणे हा दुसरा.

याच शहराच्या आणखी एका प्रकारच्या वाक्यांकडे पाहावे. 12 जून 2014 रोजी पोलाद प्रकल्पात कार्बन मोनॉक्साइड वायू पसरून सहा जणांचा मृत्यू झाला. त्यांत दोन वरिष्ठ अधिकारीही होते. 9 ऑक्टोबर 2018 रोजी कोक भट्ट्यांच्या विभागात वायुवाहिनीच्या कामाच्या वेळी स्फोट होऊन दहाहून अधिक माणसे दगावली. अशा घटनांची वार्ता कोणत्याही भारतीय भाषेत एकाच साच्यात येते : गळती झाली, दाब घटला, स्फोट झाला, आग लागली. पेला फुटला या जातीची ही वाक्ये आहेत. त्यांत खोटे काही नसते. वायू खरोखरच आपण होऊन पसरतो, त्याला कोणी ढकलत नाही. तरी 'दाब घटला' आणि 'दाब घटू दिला गेला' यांत जे अंतर आहे, ते तंत्रज्ञाला ठाऊक असते आणि मृताच्या घरच्यांनाही. मधल्या वाचकाला तेवढे ते दिसत नाही, कारण अकर्मक क्रियापदाने त्याचे समाधान करून टाकलेले असते. असल्या वाक्यांना सरसकट कारस्थान म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या क्षणी कारण ठाऊक नाही, त्या क्षणी अकर्मक वाक्य हेच प्रामाणिक वाक्य असते. दोष उत्पन्न होतो तो नंतर, कारण ठाऊक होण्याची वेळ येऊन गेल्यावरही वाक्य तसेच ठेवले जाते तेव्हा.

मराठी महाभारत-विचाराने या कसोट्यांना कसे तोंड दिले, हे पाहण्याजोगे आहे. विष्णुदास नामा, मुक्तेश्वर, मोरोपंत यांनी कथा मराठीत आणली. तिच्या कारणांची चिकित्सा करण्याचे काम मुख्यतः विसाव्या शतकाने केले. दुर्गा भागवतांचे 'व्यासपर्व' (1962) आणि इरावती कर्व्यांचे 'युगान्त' (1967) ही त्यातली दोन शिखरे. 'व्यासपर्व' व्यक्तिरेखांकडे प्रतिमांच्या वाटेने जाते. त्यात कारणे शोधण्यापेक्षा स्वभावाचा रंग पकडण्याची आस आहे, आणि ती पुष्कळदा अपूर्व रीतीने सफल झाली आहे. कारणाच्या प्रश्नावर मात्र 'युगान्त'कडेच वळावे लागते. कर्वे मानवशास्त्रज्ञ होत्या. व्यक्तीच्या मागे कुलव्यवस्था, नियोगाची चाल, क्षत्रियांचे आचार शोधणे ही त्यांची पद्धती. भीष्माच्या प्रतिज्ञेने वाचवले काय आणि बिघडवले काय, याचा हिशोब त्यांनी निष्ठुरपणे मांडला.

त्यांच्या पद्धतीचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही दोन ठिकाणी स्पष्ट दिसतात. युधिष्ठिर हा विदुराचा पुत्र असावा, हे त्यांचे गृहीतक. धर्मापासून त्याचा जन्म, विदुर हा धर्माचाच अंश असल्याची कथा, नियोगात दिराचा अधिकार, आणि वनात विदुराने देह सोडताना योगबलाने युधिष्ठिराच्या शरीरात केलेला प्रवेश, असे धागे त्या एकत्र आणतात. धूर पुष्कळ आहे. पण कर्वे अग्नी पाहिल्याचा दावा करीत नाहीत, शंका शंकेच्याच रूपात ठेवतात. मराठी समीक्षेत असे संयमाचे लेखन विरळ आहे.

दुसरे ठिकाण द्रौपदीचे. द्यूतसभेत द्रौपदी विचारते : युधिष्ठिराने आधी स्वतःला हरवले की मला? प्रश्न वरवर कायद्याचा, आणि मुळात क्रमाचा आहे. स्वतः दास झालेल्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय, हे त्या क्रमावर अवलंबून आहे. आधी-नंतर ठरले तर कारण ठरते. कर्व्यांना हा प्रश्न ही द्रौपदीची मोठी चूक वाटते. अशा प्रसंगी पंडितेसारखा तात्त्विक वाद न घालता तिने लाजेची, दयेची हाक घालायला हवी होती, असे त्यांचे मत. त्यांचे निदान लौकिक शहाणपणाचे आहे आणि त्यामागची कळकळही खरी आहे. तरीही ते मान्य करणे कठीण जाते. दयेच्या हाकेला सभा दया दाखवू शकली असती किंवा नाकारू शकली असती. दोन्हीत सभेचे अंग निसटले असते. क्रमाच्या प्रश्नाने ते निसटू दिले नाही. भीष्माला धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून थांबावे लागले. भीष्माचे हे उत्तर म्हणजे अकर्मक वाक्याचाच एक भारदस्त प्रकार आहे. त्यात सभेने काय केले किंवा केले नाही, हे येत नाही, फक्त धर्म कसा आहे एवढे येते. ज्या स्त्रीच्या हसण्याला परंपरेने कारण ठरवले, तिनेच सबंध महाभारतात कारणाचा सर्वांत नेमका प्रश्न विचारला आहे, आणि तो अनुत्तरित आहे. हसणे मात्र सर्वांच्या स्मरणात राहिले.

भिलाईहून पश्चिमेला तासाभराच्या अंतरावर राजनांदगाव. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात 1958 पासून गजानन माधव मुक्तिबोध अध्यापन करीत होते. घरची भाषा मराठी, लेखनाची हिंदी, आणि धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले नामवंत कवी व समीक्षक. मुक्तिबोधांच्या 'क्लॉड ईथरली' या कथेत हिरोशिमाशी जोडलेला अमेरिकी वैमानिक भारतातल्या एका वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेला असल्याचे निवेदकाला कळते. प्रत्यक्षातल्या ईथरलीने बॉम्ब टाकला नव्हता. 6 ऑगस्ट 1945 रोजी तो पुढे गेलेल्या टेहळणी विमानात होता आणि त्याने शहरावरचे हवामान कळवले होते. नैयायिक त्याला कोठे बसवतील, चाकापाशी की गाढवापाशी? कायदा त्याला विचारणारच नाही. त्याने मात्र स्वतःपुरते 'माझ्या हातून' हे रूप स्वीकारले आणि जगाने त्याला मनोरुग्ण ठरवले. मुक्तिबोधांनी या माणसाला आपल्या परिसरात आणले, यात त्यांची नजर दिसते. कारणसाखळीत आपले स्थान किती दूर आहे, हे मोजून जे सुटतात ते शहाणे, आणि जो मोजत नाही तो वेडा, अशी वाटणी ज्या समाजाने केली आहे, त्या समाजाच्या वेड्यांच्या इस्पितळाची ही कथा आहे. तिच्या हिंदीतली लांबणारी, स्वतःलाच अडवणारी वाक्यरचना मराठी कानाला ओळखीची वाटते. हा परिणाम मातृभाषेचा की स्वभावाचा, हे कोणी निश्चित सांगू नये.

पंडवानीकडे परत येताना एक गोष्ट नोंदवली पाहिजे. प्रयोगात दुःशासनवधाचा प्रसंग येतो तेव्हा गायिका भीम होते, आणि त्या क्षणी कर्त्याविषयी कसलाही संदेह राहत नाही. तिथे प्रत्येक क्रियापद सकर्मक असते. श्रोते उसळतात. वस्त्रहरणात शब्दांनी जे सुटले नव्हते ते इथे बाहूंनी सुटते. समीक्षकाला ही निःसंदिग्धता कदाचित खटकेल, परंतु लोककथेला तिचा हक्क आहे. शतकानुशतके ज्यांच्या वाट्याला अकर्मक वाक्येच आली, त्यांना एका रात्रीपुरते तरी कर्तरी प्रयोगात बोलायला मिळते. मात्र त्या गदारोळातही रागीचे काम संपलेले नसते. गायिका श्वास घेण्यासाठी थांबते, तंबुरा खाली येतो, आणि तो पुन्हा विचारतो : पण बाई, सभेत तेव्हा एवढे लोक बसले होते, त्यांतले कोणी का उठले नाही?